उजेड मोजून झाल्यावर उठवलेली माणसं

आपल्या लोकांत सिनेमाचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. पहिलं स्टेशन, सिनेमात आपल्याला कसं दाखवलं? दुसरं, आपला माणूस हिरो झाला काय? मागच्या अंकातली चर्चाही याच दोन ठिकाणी थांबली. एका मित्रानं लिहिलं की नट हा नट असतो, त्याला कुठल्याही माणसाच्या कातडीत शिरता आलं पाहिजे, तिथं जात काढू नये. दुसऱ्यानं लिहिलं की दलिताची भूमिका दलितानंच करावी, बाकी सगळं ढोंग. दोघंही माझे दोस्त. दोघांचाही आवेश खरा. पण दोघंही सिनेमा पडद्यावर सुरू होतो असं धरून चाललेत. मित्रहो, सिनेमा पडद्यावर सुरू होत नाही. तो फरशीवर चिकटवलेल्या बोटभर टेपच्या तुकड्यापासून सुरू होतो. त्या तुकड्यावर मी तीन वर्षं उभा होतो, म्हणून हे टिपण.

सेटवर या कामाला डमी म्हणतात. इंग्रजीत स्टँड-इन. मराठीत त्याला धड शब्द नाही, कारण ज्यांनी शब्द घडवायचे ते त्या टेपवर कधी उभे राहिले नाहीत. काम असं असतं. एक शॉट लावायला कधी अर्धा तास लागतो, कधी दीड तास. कॅमेरा कुठं ठेवायचा, दिवा किती उंच, कुणाची सावली कुणाच्या तोंडावर पडते, हे सगळं बघायचं असतं. तेवढा वेळ हिरो मेकअप रूममध्ये असतो. मग त्याच्या उंचीचा एक माणूस त्याच्या खुर्चीवर आणून बसवतात. फोकस पुलर लेन्सपासून तुमच्या डोळ्यापर्यंत टेप ताणतो. कॅमेरामन गालाजवळ लाइटमीटर धरतो. डावीकडं बघ. अजून. हं. हलू नको. तुम्ही हलत नाही. नाकावर माशी बसली तरी हलत नाही. सगळं जुळलं की असिस्टंट ओरडतो, "शॉट रेडी!" हिरो येतो, तुम्ही उठता, आणि तुमच्या अंगाच्या उबेनं गरम झालेल्या खुर्चीवर तो बसतो. मग "रोल" म्हणतात. "रोल" म्हटल्यावर जो उभा असतो तो इतिहासात जातो. त्याच्या आधी जो उभा होता तो चहाच्या टेबलाकडं जातो, आणि तिथंही त्याची लाइन वेगळी असते.

डुप्लिकेट वेगळा आणि डमी वेगळा. डुप्लिकेट मार खातो, उड्या घेतो, घोड्यावरून पडतो. 'शोले'मध्ये (१९७५) हेमामालिनीच्या बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा तो टांगा रेश्मा पठाण या बाईनं हाकलेला आहे. घरात भाकरीची मारामार, म्हणून ही पोर चौदाव्या वर्षी स्टंटच्या धंद्यात आली. त्या प्रसंगात टांगा उलटून जखमी झाली आणि बरी होऊन पुन्हा कामावर आली. तिच्यावर सिनेमा निघाला २०१९ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. उशिरा का होईना, डुप्लिकेटची गोष्ट होऊ शकते, कारण त्याला लागतं, रक्त येतं. डमीला काही लागत नाही. फक्त उजेड लागतो. त्याची गोष्ट कोण करणार?

मी मुकुटबनचा. झरी जामणी तालुका, जिल्हा यवतमाळ. कापसाचा आणि तुरीचा मुलूख, शेजारी कोलाम आणि गोंड, पलीकडं आदिलाबाद. जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे, आणि २०२२ पासून सिमेंटचा कारखाना आहे. मी निघालो तेव्हा कारखाना नव्हता. वणीहून नंदीग्राम एक्सप्रेस पकडली आणि घाटकोपरला रमाबाई नगरात मामाकडं येऊन पडलो. उंची पाच फूट दहा इंच, तेवढंच सर्टिफिकेट. गोरेगावच्या चित्रनगरीत एका कोऑर्डिनेटरनं मला भिंतीला उभं केलं, पेनानं रेघ मारली आणि म्हणाला, चालेल. नाव नंतर विचारलं. पूर्ण नाव त्याच्याही नंतर, दोनदा.

मालिकांत या कामाची आणखी एक पायरी असते, तिला सजेशन म्हणतात. समोरच्या नटीचं तोंड दाखवायचं असतं आणि कडेला हिरोचा खांदा, मानेचा मागचा भाग, थोडा कान. हिरोचं तोंड दिसणारच नाही म्हटल्यावर हिरो कशाला खर्ची घालायचा? डमीला त्याचा शर्ट चढवतात. नटी डोळ्यांत पाणी आणून तुमच्याकडं बघून बोलते, तुम्ही मला सोडून जाणार नाही ना? तुम्ही काही बोलायचं नसतं. असा माझा डावा खांदा महाराष्ट्रभर गाजला. मुकुटबनला आमच्या मायनं तो टीव्हीवर ओळखला. "हा माह्या पोराचा खांदा होय," म्हणे. बाया हसल्या. पण माय बरोबर होती. कापसाची गाठोडी वाहून तो खांदा थोडा उतरला आहे. हिरोचा उतरलेला नाही. एवढी मोठी चूक सबंध युनिटला दिसली नाही, कंटिन्युइटी लिहिणाऱ्या पोरीला दिसली नाही, आमच्या निरक्षर मायला दिसली. समीक्षा म्हणजे काय याची माझी व्याख्या तेव्हापासून हीच आहे.

आता ज्या दिवसावर माझं सगळं म्हणणं उभं आहे तो दिवस सांगतो. मालिकेचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, सगळीकडं तेच चालतं. हिरोची इस्टेट गेली आणि आता दहा-बारा भाग तो मजुरी करणार, असा कथेचा ट्रॅक. सकाळी मला खुर्चीवर बसवलं. कॅमेरामन मॉनिटरमध्ये बघून म्हणाला, "हा लाइट खातोय. याला उजळ करा." माझा रंग हिरोच्या रंगाशी जुळत नव्हता. मेकअपच्या पोरानं माझ्या तोंडाला, मानेला, कानाला पावडर थापली. त्या पावडरीवर उजेड मोजला. शॉट रेडी. हिरो आला. डायरेक्टरनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. हा मजूर कुठं वाटतो? मग मेकअपदादानं मला हाताला धरून मेकअप रूममध्ये नेलं. हातावर पावडर नव्हती. माझं मनगट हिरोच्या गालाजवळ धरलं आणि तो रंग कालवत बसला. थोडा तांबूस, थोडा काळा, पुन्हा मनगटाकडं बघ, पुन्हा कालव. माझं तोंड हिरोसारखं, हिरोचं तोंड माझ्या हातासारखं, आणि आरशात दोघं शेजारी. हिरो भला माणूस होता. मला विचारतो, "बरोबर झाला का रे?" मी म्हटलं, "हो सर."

आता हिरो काळा झाला म्हटल्यावर सकाळचा उजेड बिनकामाचा. लाइट पुन्हा लावायचा. माझी पावडर पुसली आणि मला पुन्हा बसवलं. तीन वर्षांत तेव्हा एकदाच माझ्या स्वतःच्या रंगावर कॅमेऱ्यानं उजेड मोजला. चांगला अर्धा तास मोजला. आणि मोजून झाल्यावर, शॉट रेडी.

साधी गोष्ट आहे. मजूर बसायचा होता. मजुराचा पोरगा बसलेला होता. त्याच्या अंगावर उजेड जुळलेला होता. त्याला उठवलं आणि त्याच्यासारखा रंग लावलेला दुसरा माणूस बसवला. यात कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणी विटाळ मानला नाही. जात विचारून केलं असंही नाही. धंद्याची रीत तशी आहे. आणि रीत तशी आहे म्हणूनच मला ती आपल्या अंकात मांडायची आहे, कारण शिवी दिली असती तर आपण मोर्चा काढला असता. रीतीवर मोर्चा कसा काढायचा हे आपल्याला अजून नीट जमलेलं नाही.

"लाइट खातो" हा शब्द घ्या. म्हणजे दोष दिव्याचा नाही, कॅमेऱ्याचा नाही, दोष कातडीचा. यंत्राला जात नसते असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबना कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्याच्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली नावाच्या पहिल्या मॉडेलवरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर उतरला की यंत्र बरोबर. अशी काही दशकं गेली आणि काळ्या माणसांचे चेहरे फोटोत डांबरासारखे येत राहिले. कॅनडातल्या लोर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी हा सगळा इतिहास शोधून लिहिला आहे. त्यातली गंमत अशी की तपकिरी रंगाच्या छटा फिल्मवर नीट येत नाहीत म्हणून फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले कुरकुरले, आणि मग फिल्म सुधारायला हात घातला गेला. माणसांच्या तोंडासाठी जे घडलं नाही ते चॉकलेटसाठी घडलं! आता डिजिटल कॅमेरे आलेत, ते अंधारातही बघतात. पण शर्ली कार्ड कंपनीच्या कपाटातून निघून माणसांच्या डोक्यात जाऊन बसलं आहे. २०१९ साली 'सुपर ३०'मध्ये हृतिक रोशनला काळवंडवलं, त्याच वर्षी 'बाला'मध्ये भूमी पेडणेकरला. काळ्या रंगाच्या मुलीला कसं नाकारतात हे सांगणारा सिनेमा, आणि त्यात काळ्या रंगाच्या मुलीलाच नाकारून गोरीला रंगवली. त्या रंगाचं मनगट कुणीतरी धरलंच असेल गालाजवळ.

आता पहिल्या मित्राच्या मुद्द्यावर येतो. कलावंताला कुठल्याही कातडीत शिरता आलं पाहिजे. ठीक, मान्य. आपल्या सिनेमाची सुरुवातच तशी झाली. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, बाया सिनेमात यायला तयार नव्हत्या, म्हणून हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पुढं १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके रामही झाले आणि सीताही. आपल्या सिनेमातला पहिला नावाजलेला बदली माणूस हा. पण बघा, फाळक्यांच्या लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी उभ्या राहिल्या. बाईची जागा बाईनं घ्यायला सुरुवात झाली आणि हळूहळू लुगडं नेसलेले पुरुष पडद्यावरून गेले. आज कुणी नटाला लुगडं नेसवून तारामती केली आणि म्हटलं कलावंताला कुठल्याही कातडीत शिरता आलं पाहिजे, तर लोक हसतील. आपल्या बाबतीत हसत नाहीत.

१९३६ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. रेल्वे फाटकवाल्याची अस्पृश्य पोरगी कस्तुरी. भूमिका देविकाराणीची. रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातली, विलायतेत शिकलेली. कस्तुरीचं ब्राह्मणाच्या पोरावर प्रेम आणि शेवटी धडधडत येणारी रेल्वे थांबवताना तिचं मरण. सिनेमा गाजला, शहाण्यासुरत्या लोकांनी डोळे पुसले. आमच्या गावावरून माजरी-आदिलाबाद लाइन जाते, म्हणून मी ती फाटकवाल्याची पोर जरा जवळून बघतो आणि मला त्या कोरलेल्या भुवयांच्या मागं फाटकवाला कुठं दिसत नाही. त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं आणि सभाच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. एकाच वर्षी अस्पृश्याच्या तोंडचं भाषण रद्द होतं आणि अस्पृश्याच्या नावानं दुसऱ्याच्या तोंडचे डायलॉग हाऊसफुल्ल चालतात. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

त्याच्या काही वर्षं आधी तिकडं त्रिवेंद्रमला उलटा प्रयोग झाला होता. जे. सी. डॅनियल या माणसानं 'विगतकुमारन' हा मल्याळममधला पहिला सिनेमा काढला. नायिका पी. के. रोझी. पुलय जातीची, मजुरी करणारी, नाटकात काम करणारी बाई. आणि भूमिका नायर घराण्यातल्या स्त्रीची. म्हणजे इथं कातडीत शिरणं उलट्या बाजूनं होतं. काय झालं? पडद्यावर दगड आले. तिच्या घरापर्यंत जमाव गेला. तिला मुलूख सोडून पळावं लागलं, एका लॉरी ड्रायव्हरबरोबर तामिळनाडूत संसार केला आणि मरेपर्यंत आपण नायिका होतो हे तिनं फारसं कुणाला कळू दिलं नाही. त्या सिनेमाची प्रतही आज शिल्लक नाही.

तेव्हा माझ्या मित्रा, नट कुणाच्याही कातडीत शिरू शकतो हा तुझा सिद्धांत रोझीच्या घरावर गेलेल्या जमावाला सांगून बघायला हवा होता. दार एकाच बाजूनं उघडतं. देविकाराणी खाली उतरली की कला, रोझी वर चढली की विटाळ. वरून खाली येणाऱ्याला टाळ्या आणि खालून वर जाणाऱ्याला दगड, असं असताना "नटाला जात नसते" हे वाक्य फक्त वरच्या मजल्यावर राहणाराच बोलू शकतो.

मी ओम पुरीच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. दूरदर्शनसाठी १९८१ साली सत्यजित रायनं प्रेमचंदांच्या गोष्टीवरून 'सद्गती' केला. ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी ओंडका फोडत मरणारा दुखी चांभार ओम पुरीनं केला, त्याची बायको स्मिता पाटीलनं, ब्राह्मण मोहन आगाशेंनी. गरिबीतून वर आलेल्या त्या माणसानं कुऱ्हाड खरी चालवली आहे. आणि शेवटी मेलेल्या दुखीला हात न लावता दोरीनं ओढत नेणारा ब्राह्मण बघितल्यावर पुढं काही बोलायचं उरत नाही. असे नट असावेत. पण ओम पुरी एक आणि त्याच्या नावावर खपवलेले शंभर. दर वेळी "ओम पुरीनं केलंच ना" म्हणून आमच्या पोरांना टेपवरून उठवायचं, हे चालणार नाही.

आता दुसरा मित्र. दलितानंच करावी. याचं उत्तर मला 'कोर्ट'नं दिलं, आणि ते मित्राला पूर्ण पटणारं नाही.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आम्ही मुकुटबनला विहारात धोतर बांधून, मास्तरकडून आणलेल्या प्रोजेक्टरवर दाखवला. गाणं म्हटलं म्हणून एका मॅनहोल कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप लोकशाहीर नारायण कांबळेवर येतो, ती गोष्ट. कांबळे झालेत वीरा साथीदार. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक, आपल्यातलेच. (१३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं गेले.) लोकांनी साथीदारांना लगेच ओळखलं, शिट्ट्या वाजवल्या. पण विहार खरा गप्प झाला तो दुसऱ्या ठिकाणी. मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवरा मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. वासापायी दारू पिऊन उतरायचा. एक डोळा गेलेला. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. माझ्या बाजूची म्हातारी हळूच म्हणाली, "हे बाई पाठ करून नाही बोलत गा."

नव्हतीच बोलत. ती बाई म्हणजे उषा बने. तिचा स्वतःचा नवरा गटारकामगार होता आणि ती खरोखरच त्याची विधवा आहे. पुढं वकील तिला गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असलं तर सांगा, म्हणते.

तीन वर्षं टेपवर उभा राहिल्यामुळं मला त्या सिनेमात आणखी एक गोष्ट दिसते. 'कोर्ट'चा कॅमेरा लांब एका जागी ठेवलेला असतो आणि सगळी खोली एकदम बघतो. कोर्टातला उजेड ट्यूबलाइटचा वाटावा असा सपाट. जजला जेवढा, शिपायाला जेवढा, तेवढाच उषाबाईला. एका तोंडासाठी वेगळा उजेड मोजायचा नाही म्हटल्यावर एका तोंडासाठी दुसऱ्या माणसाला बसवायची गरजही उरत नाही. आता, ताम्हाणे आपला नाही. निर्माता विवेक गोंबरही आपला नाही, वकिलाचं काम त्यानंच केलं आहे. तरी त्यांनी खोलीत उजेड सारखा वाटला आणि ज्याची जागा त्याला "रोल" म्हटल्यावरही बसू दिली. म्हणून माझा प्रश्न नटाच्या जातीच्या दाखल्याचा नाही. मला एवढंच विचारायचं असतं की उजेड कुणावर मोजला आणि मग कुणाला उठवलं.

हाच प्रश्न आपल्या माणसालाही विचारायचा. नागराज मंजुळेचा 'झुंड' (२०२२) घ्या. 'फँड्री' करणाऱ्या माणसानं नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं उचलली, त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू दिलं, जयंतीचा डीजे वाजवला आणि अमिताभ बच्चनला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं. थेटरात आपली पोरं खुर्च्यांवर चढली, मीही चढलो. पण घरी आल्यावर हिशेब केला. पैसे उभे करायला अमिताभ लागतो, हे मी समजू शकतो. अमिताभ त्या पोरांचा डमी. फायनान्सरचा उजेड त्याच्यावर मोजून घ्यायचा, आणि मग त्यानं उठायचं आणि पोरांनी बसायचं. 'झुंड'मध्ये अमिताभ अर्धा उठतो. मध्यंतरानंतर सिनेमा पोरांच्या मागं जातो, पण कोर्टात पोराची बाजू मांडायची वेळ येते तेव्हा भाषण पुन्हा अमिताभच्याच तोंडी. ज्या डॉनच्या अंगावर सबंध सिनेमा चालला त्या अंकुश गेडामला तिथं बाजूला उभं राहून ऐकावं लागतं. आणि पासपोर्टसाठी ओळखीचे कागद शोधत फिरणारी आदिवासी मोनिका? ती रिंकू राजगुरू. पोरगी गुणाची, मला आवडते. पण माझ्या तालुक्यात अशा कागदांसाठी तहसीलच्या पायरीवर बसलेल्या कोलामांच्या पोरी मी रोज बघतो, आणि त्यांच्या जागी आपल्या सिनेमातही दुसरंच कुणी बसलेलं असतं. कोलामाच्या नावानं आपण उभे राहतो तेव्हा आपण कोण असतो, हा प्रश्न आपल्या अंकात अजून कुणी लिहिलेला नाही. लिहावा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात मुकुटबनला एक माणूस येऊन गेला. शेतकरी आत्महत्येवर मालिका करायची आहे, झरीकडच्या गावांत पंधरा-वीस दिवस शूटिंग, नट मुंबईचे, मुक्काम वणीच्या लॉजवर. स्थानिक पोरं-पोरी डमी म्हणून हव्यात, रोजी आणि जेवण. आमच्या शाखेत दोन तट पडले. एक म्हणतो, हा अपमान आहे, कुणी जायचं नाही. दुसरा म्हणतो, कापूस वेचायला दिवसभर वाकायचं ते वाकायचं, इथं नुसतं उभं राहून पैसे मिळतात, काहून सोडायचे?

मी बहिष्काराच्या बाजूचा नाही. रोजी ही रोजी आहे, उपाशी पोराला सौंदर्यशास्त्र सांगू नये. पण हिशेबानं जा. १९८१ साली सिनेकामगारांचा कायदा झाला, त्यात निर्मात्यानं लेखी करार केल्याशिवाय कुणाला कामावर घेऊ नये असं होतं. तो कथापटांपुरता होता, मालिकेतला डमी त्यात कुठंच नव्हता. २०२० च्या संहितेत "दृकश्राव्य कामगार" असा शब्द आला आणि त्यात मालिकाही आल्या, कुशल आणि अकुशल दोन्ही कामं आली. म्हणजे आता खुर्चीवर नुसता बसणाराही कागदावर कामगार आहे. तेव्हा कागद मागा. किती तासांची शिफ्ट, पैसे कोणाच्या हातात, कोऑर्डिनेटर किती कापणार, हे आधी लिहून घ्या. जेवणाची लाइन एक असावी म्हणा. आणि श्रेयनामावलीत नाव मागा. डमीचं नाव कुठंही नसतं. चहावाल्याचंसुद्धा कधीकधी असतं.

आणि एवढ्यावर थांबू नका. मजुराचा सीन असेल आणि उजेड तुमच्यावर जुळला असेल, तर तिथंच डायरेक्टरला म्हणा, आता आम्हीच करतो. नाही म्हणेल. दहादा नाही म्हणेल. कधी ना कधी एखाद्याला ते बरोबर वाटेल. 'फँड्री'त जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केम गावचा, हलगी वाजवणारा पोरगा. मंजुळेनं त्याला उठवलं नाही, आणि त्याला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

तो माणूस नावं घ्यायला विहाराच्या ओट्यावर बसला तेव्हा वस्तीतली एक पोरगी पुढं आली. वणीला बी. ए.ला आहे, सुट्टीत कापूस वेचते. मालिकेत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं काम आहे, तिच्या उंचीची बाई पाहिजे, असं तो सांगत होता. या पोरीचा बाप फवारणीचं औषध पिऊन गेला, हे त्याला माहीत नव्हतं, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

तिनं विचारलं, "भाऊ, लाइट लावस्तोवर मी उभी राहीन. पण बोलाच्या वक्ताले कोन उभं राह्यते?"

तो म्हणाला, मॅडम मुंबईहून येतील.

"मॅडमले कापूस वेचता येते काय?"

तो हसला. शिकवू म्हणाला. मग टेप काढली, तिला विहाराच्या खांबाला टेकून उभं केलं आणि वहीत लिहिलं, पाच फूट एक.